आकसणीची पट्टी

सोमवार. उद्यमनगरात भट्ट्या गार,
शटरं ओढलेली, काकवी मिसळलेल्या वाळूच्या ढिगावर
एक कुत्रं झोपलेलं.
ऑफिसात मी एकटी. टेबलावर डबा,
स्क्रीनवर तक्ता: उभी माणसं, आडवी पानं,
आणि दोन्ही भेटतात तिथं एक चौकट.
खूण केली की दिसतं.
काढली की नसतं.

ग्राहकाला वजन दिसतं, तारीख दिसते,
नापास नग दिसत नाहीत. नापास नग तिघांनाच.
दर फक्त मालकांना आणि त्यांच्या मेव्हण्याला.
मेव्हण्याला का,
हे विचारायची चौकट तक्त्यात नाही.
वॉचमन बिरदेवला गाड्यांचे नंबर.
मला सगळं.

आज यादीत सतरावं नाव होतं:
बाबालाल शिकलगार, पॅटर्न शॉप, एकतीस मेला निवृत्त.
अडतीस वर्षं एका टिचकीत जातात.
मी त्यांच्या खुणा एकेक करून काढल्या,
एकदम सगळ्या काढायचं बटण असूनही.

पाऊण तासात फोन.
"पोरी, माझं ड्रॉइंग दिसंना झालंय."
चाचा, तुम्ही रिटायर झालात ना.
"व्हय, ते ठाव हाय मला. हार घातलासा, पेला दिलासा.
ड्रॉइंग कुठं रिटायर झालंय?"

मी म्हटलं, नुसतं बघायची परवानगी मिळेल,
साहेबांना विचारून, उद्या दुपारपर्यंत.
"बघून काय करू? त्यात चूक हाय."

सदर बाजारात चहाच्या गाड्यावर त्यांना
मोल्डर दगडू भेटला होता.
पंपाचं ते केसिंग आता पोलादात ओतायचंय म्हणे.
"बीड गार होताना शंभराला एक आकसतंय,
पोलाद दोन.
माझी पट्टी बिडाची हाय गं.
आन् उद्या सकाळी आठाला नवा पोरगा लाकूड कापंल."

माझ्यापुढं पान उघडंच होतं.
निळ्या रेघा, बाण, वर्तुळात वर्तुळं,
कोपऱ्यात त्यांची सही, शेपटी लांब ओढलेली.
मला सगळं दिसत होतं आणि काही कळत नव्हतं.
ते तिकडं सदर बाजारात, पांढऱ्या पानापुढं,
सगळं कळत असलेले.

"वाच."
मी वाचत गेले. ते डोळे मिटून ऐकत असावेत,
कारण प्रत्येक आकड्याआधी ते थोडा वेळ घेत,
जसं कुणी अंधारात पायरी चाचपतं.
मागं कुकरची शिट्टी, एक लहान मूल,
"ए, आवाज बंद कर रे तो!"
मग पुन्हा हळू आवाजात,
"थांब, भोकाचा आकडा परत वाच.
त्यात मशीनिंगचं वजा केलंय. हां. लिही आता."

साहेबांना विचारायला हवं होतं.
साहेब जोतिबाला गेलेले, फोन लागत नव्हता,
निदान मी दोनदाच लावला.

एकवीस आकडे बदलले.
"झालं?"
झालं.
"मग जेव आता." आणि फोन ठेवला,
परवानगीचा विषय परत काढलाच नाही त्यांनी.

खाली नोंद आपोआप पडली:
बदल करणारी प्रणोती चौगुले, बारा वाजून एकोणचाळीस.
प्रणोती चौगुले, जिला बीड आणि पोलाद
तळहातावर ठेवलं तरी ओळखता यायचं नाही.

कारणाच्या रकान्यात साठ अक्षरं बसतात.
मी लिहिलं: शिकलगारचाचांनी फोनवर सांगितलं.
तो रकाना कुणाकुणाला दिसावा
हे ठरवायचं राहिलंय.
सध्या तो मलाच दिसतो.